मे महिन्याचं लाइटबिल आणि बारा महिन्यांचा हिशेब: वीज कंपनी बदलण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

घरगुती ग्राहकाला वीज कंपनी निवडता येते, अशी मुंबई उपनगरांसारखी जागा देशात क्वचितच सापडेल. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्ट, मुलुंड-भांडुपकडे महावितरण आणि बाकीच्या उपनगरांत अदानी इलेक्ट्रिसिटी, असा ढोबळ नकाशा प्रत्येकाच्या डोक्यात असतो. पण टाटा पॉवरचा परवानाही मुंबईत चालतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये निकाल दिला की ही कंपनी थेट घराघरांना वीज विकू शकते. त्यानंतर १५ ऑक्टोबर २००९ रोजी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने बदलाची रीत ठरवून दिली. तारा आहेत त्याच राहतील, त्यांतून वीज कोणाची घ्यायची ते ग्राहकाने ठरवायचं. यालाच चेंजओव्हर म्हणतात. तेव्हा उपनगरांत तारा रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरच्या होत्या (त्याआधी बीएसईएस, आणि ऑगस्ट २०१८ पासून अदानी). टाटा पॉवरचे दर कमी होते म्हणून इमारतीच्या इमारती तिकडे गेल्या. मोठी बिलं भरणारी घरंच तिकडे ओढली जाताहेत, अशी तक्रार पुढे झाली. ऑगस्ट २०१२ मध्ये आयोगाने काही काळ नवे बदल महिना ३०० युनिटपर्यंतच्या घरांपुरते मर्यादितही केले होते.

या प्रकरणातलं कुटुंब पश्चिम उपनगरातल्या एका सात मजली सोसायटीत राहतं. घर दोन बेडरूमचं. आजोबा, त्यांचा मुलगा, सूनबाई आणि कॉलेजात जाणारा नातू. घरात दोन एसी. त्यातला पुढच्या खोलीतला जुना विंडो एसी आजोबांच्या दुपारच्या झोपेसाठी राखीव. २०१० च्या लाटेत सगळ्या इमारतीने चेंजओव्हर केला, तेव्हा हेही गेले. मीटर आजीच्या नावावर. आजी २०१९ मध्ये गेल्या, पण बिल त्यांच्याच नावाने येत राहिलं आणि वेळेवर भरलंही जात राहिलं, त्यामुळे कोणाला काही करावंसं वाटलं नाही. उपनगरातल्या निम्म्या घरांत लाइटबिल अजून गेलेल्या माणसांच्या नावावर असेल, असं मी एकदा, वीजग्राहकांना जिथे सल्ला देते त्या मार्गदर्शन केंद्रात बोलून गेले. समोरच्या तिघांनी माना डोलावल्या.

ओळख पटू नये म्हणून जागेचे आणि माणसांचे तपशील बदलले आहेत. कंपन्यांना 'सध्याची' आणि 'दुसरी' एवढंच म्हटलं आहे. मुंबईकराला कोण कुठली ते कळेल, पण नावावर जोर नको. आदेश किंवा वापर बदलला की चित्र उलटतं, आणि या प्रकरणात ते एकदा उलटलंही.

अडचण

मार्च २०२४ मध्ये आयोगाने टाटा पॉवरच्या मुंबईतल्या ग्राहकांसाठी सरासरी २४ टक्के दरवाढ मंजूर केली. ती १ एप्रिलपासून लागू झाली. सरासरी म्हणजे काय, हे त्या वेळी कोणी विचारलं नाही. मे महिन्याचं बिल जूनमध्ये हातात पडलं तेव्हा सगळे विचारू लागले. या घराचा वापर त्या महिन्यात ६१० युनिट होता आणि बिल मागच्या मेच्या मानाने इतकं वाढलं होतं की आजोबांनी ते दोनदा चष्मा पुसून वाचलं.

सोसायटीच्या ग्रुपवर एक तक्ता फिरू लागला. डावीकडे सध्याची कंपनी, उजवीकडे दुसरी, खाली ठळक अक्षरांत 'दर महिना ६०० रुपयांची बचत'. सेक्रेटरींनी एकगठ्ठा अर्ज द्यायचं ठरवलं. फॉर्म घेऊन वॉचमन दारोदार गेला. सूनबाई फॉर्मवर सही करणार तेवढ्यात आजोबांनी हात आडवा घातला. "अगं, चौदा वर्षांपूर्वी असेच सगळे गेले म्हणून आपण गेलो. आता सगळे परत चालले म्हणून परत जायचं? जरा विचारून तरी ये कुणाला."

त्या शनिवारी सूनबाई केंद्रात आल्या. हातात एकच बिल होतं, मेचं.

तुलना करताना काय चुकत होतं

ग्रुपवरच्या तक्त्यात तीन गोष्टी गडबडीच्या होत्या.

पहिली वहन आकाराची. आपल्या बिलात युनिटमागे दोन दर लागतात. एक विजेचा, म्हणजे वीज आकार, आणि दुसरा ती तारांतून आणण्याचा, म्हणजे वहन आकार. चेंजओव्हर ग्राहक ज्यांच्या तारा वापरतो त्यांचा वहन आकार भरतो. म्हणजे या घरासाठी कंपनी कुठलीही असो, वहन आकार तोच, कारण तारा त्याच. तक्ता करणाऱ्याने मात्र सध्याच्या कंपनीच्या स्वतःच्या तारांवर असलेल्या ग्राहकांचा वहन आकार लावला होता. दरपत्रकात हे दोन प्रकार वेगवेगळे दिलेले असतात आणि ते शेजारशेजारी छापलेले असल्यामुळे नजर चुकते.

दुसरी गडबड स्थिर आकाराची (युनिटमागे न लागणारी दरमहाची रक्कम) आणि इंधन समायोजन आकाराची (इंधनाच्या बदलत्या खर्चापोटीचा अधिभार). तक्त्यात ती दोन्ही नव्हतीच. इंधन समायोजन महिन्यागणिक हलतं, त्यामुळे एका महिन्याचा आकडा धरून वर्षाचा निकाल लावता येत नाही. या घरासाठी त्या दोन्हींचा फरक किरकोळ निघाला, म्हणून पुढच्या हिशेबात ते बाजूला ठेवले आहेत. पण किरकोळ आहेत हे आधी तपासावं लागतं.

तिसरी गडबड सर्वात मोठी. तक्ता मेच्या बिलावर केला होता आणि मेच्या फरकाला बाराने गुणलं होतं.

आपले दर टप्प्यांचे आहेत. १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. वापर ३०१ वर गेला म्हणून सगळ्या युनिटांना वरचा दर लागत नाही. पहिल्या शंभरांना पहिलाच, पुढच्या दोनशेंना दुसराच आणि फक्त वरच्या युनिटांना वरचा लागतो. हे पुष्कळांना माहीत नसतं. '३०० ओलांडले की मेलो' असं ठामपणे सांगणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात.

रीत दिसावी म्हणून खाली दर गोल करून घेतले आहेत. हे प्रत्यक्ष दरपत्रकातले दर नाहीत. वीज आकार आणि वहन आकार मिळून, युनिटमागे रुपये:

सध्याची कंपनी: १०० पर्यंत ५, ३०० पर्यंत ८, ५०० पर्यंत १४, पुढे १५.
दुसरी कंपनी: १०० पर्यंत ६, ३०० पर्यंत ९, ५०० पर्यंत ११, पुढे १२.

म्हणजे ३०० युनिटपर्यंत दुसरी कंपनी युनिटमागे एक रुपया महाग, आणि त्यापुढे तीन रुपये स्वस्त. बरोबर ३०० ला दुसरीकडे ३०० रुपये जास्त पडतात. पुढच्या शंभर युनिटांत ते भरून निघतात. ४०० युनिटला दोन्हीकडे सारखेच ३,५०० रुपये होतात. या घराचा सगळा प्रश्न त्या ४०० वर येऊन थांबला. कुठल्या महिन्यांत वापर त्याच्या वर जातो आणि किती?

सूनबाईंना मी परत पाठवलं आणि गेल्या बारा बिलांची युनिटं आणायला सांगितली. रुपये नको म्हटलं. रुपयांत जुने दर, इंधन अधिभार, एखाद्या महिन्याचा विलंब आकार असं सगळं मिसळलेलं असतं. बहुतेक बिलांवर मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख असतोच. नातवाने त्यावरून आकडे उतरवून काढले.

पर्याय

एप्रिल ५२०, मे ६१०, जून ४८०, जुलै ३४०, ऑगस्ट ३१०, सप्टेंबर ३३०, ऑक्टोबर ४५०, नोव्हेंबर ३००, डिसेंबर २२०, जानेवारी १९०, फेब्रुवारी २१०, मार्च ३६०. एकूण ४,३२०, महिन्याची सरासरी ३६०.

नातवाने झटक्यात सरासरीवर हिशेब केला. ३६० युनिटला दुसरी कंपनी १२० रुपयांनी महाग, वर्षाला १,४४० चा तोटा, "म्हणजे जायचंच नाही, आई." उत्तर बरोबर होतं, पण आकडा चुकलेला होता. टप्प्यांच्या दरात सरासरी चालत नाही. सरासरी काढली की मे-एप्रिलमधली वरच्या टप्प्यातली महाग युनिटं हिवाळ्याच्या स्वस्त टप्प्यात ओतली जातात आणि उन्हाळा दिसेनासा होतो. हिशेब महिन्यामहिन्याने करावा लागतो.

तसा केला तेव्हा चार महिन्यांत दुसरी कंपनी स्वस्त निघाली. मेमध्ये ६३० रुपयांनी, एप्रिलमध्ये ३६०, जूनमध्ये २४० आणि ऑक्टोबरमध्ये १५०. मिळून १,३८०. उरलेल्या आठ महिन्यांत ती महाग होती आणि तो फरक जोडत गेला तर १,७०० होत होता. म्हणजे आहे तिथेच राहिलं तर वर्षाला ३२० रुपये वाचतात. त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरलं तर ३७१. ग्रुपवरच्या तक्त्याच्या रीतीने मेच्या ६३० ला बाराने गुणलं तर ७,५६० ची बचत दिसते.

तेव्हा पर्याय असे होते. सोसायटीबरोबर दुसरीकडे जाणं: हिशेबाने तोटा थोडासाच, पण नवं डिपॉझिट, कागदपत्रं आणि वर नावाचा घोळ. आहे तिथेच राहणं: फायदा जवळपास शून्य, त्रासही शून्य. तिसरा पर्याय उन्हाळ्याचा वापर खाली आणण्याचा. विंडो एसी तेरा वर्षांचा होता. तो काढून इन्व्हर्टर एसी घेतला तर सध्याच्या कंपनीत वरच्या टप्प्यातलं प्रत्येक वाचलेलं युनिट १४-१५ रुपयांचं पडतं. कंपनी बदलून मिळणाऱ्या रकमेपेक्षा हे कितीतरी जास्त. गच्चीवर सौर पॅनलचाही विषय निघाला. पाण्याच्या टाक्या आणि मोबाइल टॉवर यांतून उरलेली जागा पाहून तो तिथेच मिटला.

पहिला निर्णय

त्यांनी फॉर्म परत केला. एसी पुढच्या उन्हाळ्याआधी बदलायचं ठरलं.

सेक्रेटरींना हे रुचलं नाही. एकगठ्ठा अर्जातून काही घरं गळली की काम अडतं, असा त्यांचा समज होता. तसं काही नसतं. प्रत्येक मीटरचा अर्ज स्वतंत्र असतो. पण आजोबांनी त्यांना घरी बोलावून चहा दिला आणि नातवाचं महिन्यामहिन्याच्या हिशेबाचं पत्रक दाखवलं, आणि त्यातून इमारतीत एक उपयोगाचं काम झालं. पहिल्या मजल्यावर एक मावशी एकट्या राहतात. त्यांचा वापर महिना ९० ते १२०. त्यांनीही सगळ्यांबरोबर फॉर्मवर सही केली होती. गेल्या असत्या तर प्रत्येक युनिटला रुपया जास्त, म्हणजे महिना शंभर रुपये उगाच भरले असते. उलट पाचव्या मजल्यावरच्या घरात चार एसी आणि वापर बाराही महिने आठशेच्या आसपास. त्यांना जाणं महिना बाराशे रुपयांचं होतं. एकाच जिन्यावर तीन दारं आणि उत्तरं तीन. सेक्रेटरींनी मग ग्रुपवर लिहिलं की ज्याने त्याने आपापली युनिटं बघून ठरवावं. एवढं लिहायला त्यांना बरंच बळ लागलं असणार. तक्ता त्यांनीच फॉरवर्ड केला होता.

परिस्थिती बदलली

सप्टेंबरच्या शेवटी आजोबांना दम्याचा जुना त्रास उलटला आणि रुग्णालयात दाखल करावं लागलं. ऑक्टोबरमध्ये घरी आले ते ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसह, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणाऱ्या विजेवरच्या यंत्रासह. चोवीस तास लावायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

घरच्यांच्या डोक्यात तेव्हा वीजबिल नव्हतं, ते स्वाभाविकच. नोव्हेंबरचं बिल ५३० युनिटांचं आलं. एरवी या घरात नोव्हेंबर ३०० चा असतो. पाच लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरला साधारण ३०० ते ३५० वॅट लागतात. यंत्राच्या मागे चिकटवलेल्या पट्टीवर ते लिहिलेलं असतं. दिवसाला जवळपास आठ युनिट, महिन्याला सुमारे २३०. फ्रिज, पंखे, टीव्ही यांच्या शेजारी हे छोटं, चाकांवरचं यंत्र घरातलं सर्वात मोठं खर्चिक उपकरण होऊन बसलं. एसी निदान रात्री बंद होतो.

सूनबाईंनी फोनवर विचारलं, "ताई, आता जावं लागेल का हो दुसरीकडे?" प्रत्येक महिन्यात २३० मिळवून पत्रक पुन्हा केलं. एकही महिना ४०० च्या खाली राहिला नाही. सर्वात कमी जानेवारी, ४२०. वर्षाचा फरक आता दुसऱ्या कंपनीच्या बाजूने ६,८४० रुपये, शुल्क धरून ७,९३४. जूनमध्ये ज्या कंपनीकडे न जाणं शहाणपणाचं होतं, तिच्याकडेच नोव्हेंबरमध्ये जाणं शहाणपणाचं ठरलं. दर तेच होते. बदलला होता तो वापर.

मुलाचं म्हणणं होतं की लगेच अर्ज टाकू, दिवस वाया घालवायचे नाहीत. इथे पत्रकाने पुन्हा मदत केली. बचतीचा मोठा भाग मार्च ते ऑक्टोबरमध्ये होता. डिसेंबर आणि जानेवारी मिळून फरक फक्त २१० रुपयांचा. म्हणजे घाई न करता हिवाळ्यात कागद नीट करून घेतले तरी फारसं बिघडत नव्हतं. आणि कागद नीट करणं भाग होतं.

कारवाई

पहिलं काम नावाचं. मीटर आजीच्या नावावर होतं आणि जमा असलेलं डिपॉझिटही. डिपॉझिट दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकं असतं. या घराचं सात हजारांच्या आसपास होतं. खातं बंद करून दुसरीकडे गेले असते तर परताव्याचा चेक आजीच्या नावाने निघाला असता. तो बँकेत कोण वटवणार? म्हणून आधी सध्याच्या कंपनीतच नावबदल केला. मृत्यूचा दाखला, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आजोबांच्या नावाची नोंद, बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र. शेअर सर्टिफिकेटवरची नोंद सुदैवाने आधीच झालेली होती. नाशिकच्या आत्यांची सही कुरियरने मागवली. डिपॉझिट त्याच अर्जाबरोबर आजोबांच्या नावावर वळतं करून घेतलं. हे सगळं डिसेंबरअखेर झालं.

मग दुसऱ्या कंपनीकडे अर्ज. सोबत शेवटचं भरलेलं बिल, ओळख आणि पत्त्याचे पुरावे. थकबाकी नव्हती. असती तर आधी ती भरावी लागली असती. नवं डिपॉझिट भरावं लागलं आणि जुनं परत यायला वेळ लागणार होता, त्यामुळे दोन्ही डिपॉझिटं काही आठवडे एकाच वेळी अडकून पडणार. कंपनी बदलणाऱ्या घराने हे पैसे वेगळे ठेवलेले बरे.

घरातली खरी भीती वेगळी होती. सूनबाईंनी अर्ज देण्याआधी दोनदा विचारलं की बदलताना लाइट जाईल का, आणि नंतर जास्त जाईल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं. तारा, केबल, सबस्टेशन सगळं तेच. रस्ता खोदताना केबल तुटली तर दोन्ही कंपन्यांच्या ग्राहकांची वीज एकदमच जाते. चेंजओव्हरमध्ये बदलतं ते खातं आणि मीटर. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: मीटर काढून नवा बसवताना थोडा वेळ पुरवठा बंद होतो. कॉन्सन्ट्रेटर असलेल्या घरात त्या थोड्या वेळाची तयारी लागते.

ती तयारी नातवाने केली. ऑक्सिजनचा एक भरलेला सिलिंडर रेग्युलेटरसह भाड्याने आणला आणि आदल्या संध्याकाळी पंधरा मिनिटं लावून बघितला. मग खाली मीटर रूममध्ये गेला. तिथे भिंतभर मीटर, प्रत्येकाखाली फ्लॅट नंबर रंगवलेला, आणि निम्मे नंबर पुसट झालेले. आपला मीटर नक्की कोणता? त्याने आईला फोन लावला. आजोबा सिलिंडरवर असतानाच आईने वर मेन स्विच बंद केला. मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा थांबला. स्विच चालू केला तेव्हा पुन्हा लुकलुकू लागला. नंबर आणि सील यांचा फोटो काढून ठेवला. हे दोन मिनिटांचं काम आहे. मला तर वाटतं ज्या घराचं बिल अचानक चढतं तिथे बाकी काही करण्याआधी हेच करून बघावं. अदलाबदल झालेले मीटर अधूनमधून सापडतात.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मीटर बदलला. काम करणाऱ्यांनी आधी फोन केला होता. पुरवठा अर्धा तास बंद होता. जुन्या मीटरचं शेवटचं आणि नव्याचं पहिलं रीडिंग, दोन्हींचे फोटो घेतले. पुढे जुन्या कंपनीचं अंतिम बिल आलं, ते फोटोतल्या रीडिंगशी जुळलं, भरलं, आणि मगच बँकेतली जुनी आपोआप भरण्याची सूचना रद्द केली. आधी रद्द केली असती तर अंतिम बिल राहून गेलं असतं. उशिरा केली असती तर दोन सूचना चालू राहिल्या असत्या.

निष्पन्न

पहिल्या महिन्यांत फरक नजरेत भरेल असा नव्हताच. फेब्रुवारीत १२० रुपये वाचले. मुलगा थोडा हिरमुसला, कारण एवढी धावपळ आणि हातात शंभराची नोट. मार्चमध्ये पंखे-एसी सुरू झाले आणि फरक ५०० च्या पुढे गेला.

मग दोन गोष्टी एकदम घडल्या. मार्चअखेरच्या तपासणीत डॉक्टरांनी कॉन्सन्ट्रेटर रात्रीपुरता केला. म्हणजे २३० च्या जागी महिन्याला शंभर युनिट. आणि २८ मार्च २०२५ रोजी आयोगाने २०२५-२६ ते २०२९-३० या पाच वर्षांसाठीचे आदेश काढले. त्यात मुंबईच्या दोन्ही खाजगी कंपन्यांचे सरासरी दर उतरले, पण दोघांचे सारखे उतरले नाहीत. म्हणजे दोन्हीकडून हिशेब हलला, वापरही आणि दरही.

एप्रिलमध्ये पत्रक तिसऱ्यांदा केलं. नव्या आकड्यांनी दोन कंपन्यांतला वर्षाचा फरक या घरापुरता शे-दोनशेवर आला. एवढ्यासाठी पुन्हा मीटर, पुन्हा डिपॉझिट नको, असं ठरलं. आता कंपनी नवी आहे म्हणून नव्हे, आणि जुनी होती म्हणूनही नव्हे. विंडो एसी मात्र भंगारात गेला आणि त्या जागी इन्व्हर्टर एसी आला. आजोबांना त्याचा आवाज येत नाही म्हणून तो चालूच नाही असं वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

नावबदल २०१९ मध्येच व्हायला हवा होता. तेव्हा तो चार कागदांचा विषय होता. नोव्हेंबरमध्ये तोच, घरात आजारी माणूस असताना, सहा आठवड्यांचा झाला. बिल वेळेवर भरलं जातंय म्हणजे सगळं ठीक आहे, हा समज फक्त याच घराचा नाही.

कॉन्सन्ट्रेटर घरी आला त्याच आठवड्यात त्याच्या पट्टीवरचे वॅट पाहून हिशेब झाला असता, तर अर्ज ऑक्टोबरमध्ये गेला असता. रुपयांत यातून फार काही हाती लागलं नसतं, कारण मधले महिने थंडीचे होते. पण हेच दुखणं मार्चमध्ये आलं असतं तर उशीर महिना हजार रुपयांना पडला असता. डॉक्टर यंत्र लिहून देतात तेव्हा त्याच्या विजेचा खर्च कोणी सांगत नाही. औषधांच्या हिशेबात तो धरला जात नाही, आणि महिना दोन-तीन हजारांनी घर कुठे कमी पडतंय ते कळत नाही.

आणि जूनमध्ये एसी बदलायचा निर्णय पुढे ढकलला, त्याचं काय? पैशाचा हिशेब केला तर तो तेव्हाच घ्यायला हवा होता. पण तेव्हा उन्हाळा संपत आला होता आणि कॉलेजची फी भरायची होती. घरातले निर्णय नुसत्या युनिटांवर होत नाहीत. मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही.

सोसायटीच्या पातळीवर एक गोष्ट सुधारली आहे. ग्रुपवर आता तक्ता फिरत नाही, कोरं पत्रक फिरतं. बारा महिन्यांची युनिटं ज्याने त्याने भरायची. प्रत्येक कंपनीचे चार टप्प्यांचे दर, म्हणजे दोन्ही मिळून आठ आकडे, वर वेगळ्या रांगेत आहेत. आदेश आला की तेवढे बदलायचे आणि वहन आकार चेंजओव्हरच्या रकान्यातूनच उचलायचा. ते काम नातवाकडे दिलं आहे. पहिल्या मजल्यावरच्या मावशींचं पत्रक तोच भरून देतो.